'द डीप एंड ऑफ द ओशन' – उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत आमच्या घरात फिरलेली कादंबरी

आधीच सांगते, खाली स्टोरी बरीचशी फुटणार आहे, तर ज्यांना चालत नाही त्यांनी इथंच थांबा. पण माझं मत असं की ही कादंबरी 'पोरगं सापडतं का' यासाठी वाचायचीच नाहीये. पोरगं सापडतं, आणि खरं पुस्तक तिथून पुढं सुरू होतं.

जॅकलिन मिचर्डची ही पहिलीच कादंबरी, १९९६ ची. अमेरिकन टीव्हीवरच्या ऑप्रा विन्फ्रेनं तिचा बुक क्लब चालू केला तेव्हा सगळ्यात पहिलं पुस्तक हेच निवडलं होतं. मी जळगावहून जुनी पेपरबॅक आणली, एप्रिलमध्ये. भुसावळचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको, कूलरसमोर ठेवूनसुद्धा बाइंडिंगचा गोंद सुटला आणि मधली पानं हातात आली, ती रबर लावून ठेवलीत. आता ते तसंच सगळ्यांकडं फिरतंय.

स्टोरी थोडक्यात अशी. बेथ कॅपाडोरा, फोटोग्राफर, राहायला विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला. शाळेच्या रियुनियनसाठी तीन पोरं घेऊन शिकागोला जाते, हॉटेलची लॉबी गर्दीनं भरलेली, ती काउंटरवर रूमचं बघायला जाते आणि सात वर्षांच्या व्हिन्सेंटला सांगते की बेनकडं लक्ष ठेव. बेन तीन वर्षांचा. ती परत येते तर बेन नाही.

एवढंच. कुणी ओरडलं नाही, गाडी पळाली नाही, काही नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत लाउडस्पीकरवर 'अमुक रंगाचा शर्ट घातलेला मुलगा, मंडपाजवळ आणून द्यावा' अशी अनाउन्समेंट आपण जिलेबी खाता खाता ऐकतो आणि पुढं सरकतो ना, ती ज्या बाईसाठी चाललेली असते तिच्या पोटात काय होत असेल ते पहिल्या पन्नासेक पानांत आहे. मी भुसावळ जंक्शनला प्लॅटफॉर्मवर वाचत बसलेले आणि नागपूरकडची गाडी लागली तशी माझ्या पोराचं मनगट असं धरलं की तो म्हणाला, मम्मी दुखतंय.

पुढचा शोधाचा भाग, म्हणजे पोलीस, पोस्टर, मदतीला आलेली माणसं वगैरे, खूप लांबलाय असं माझं मत. कँडी ब्लिस नावाची बाई पोलीस अधिकारी आहे ती मात्र मस्त उतरलीय. वाचताना सारखं डोक्यात येत होतं की आपल्याकडं काय झालं असतं. पूर्वी 'थांबा, येईल घरी' म्हणून लोकांना ठाण्यातून परत पाठवायचे, तक्रार तशीच पडून राहायची. २०१३ ला सुप्रीम कोर्टानं बचपन बचाओ आंदोलन या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या केसमध्ये सांगितलं की मूल हरवल्याची तक्रार आली की एफआयआर घ्यायचाच, आणि अपहरण किंवा तस्करी झालीय असं धरूनच तपास सुरू करायचा. चार महिन्यांत सापडलं नाही तर केस मानवी तस्करी विरोधी पथकाकडं द्यायची. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर आहे तो वेगळा, तो फोनमध्ये सेव्ह करून ठेवाच. पण चार महिन्यांनंतर त्या घरात स्वयंपाक कोण करतं, बाकीच्या पोरांचे दप्तर कोण भरतं, याचं कलम कुठल्याच कायद्यात नाही, आणि मधली दोनशे पानं नेमकी त्यावर आहेत.

इथंच माझी गाडी अडली. आख्खा पावसाळा पुस्तक टीव्हीवर पडून होतं. कारण बेथ. ती झोपून राहते, धाकट्या केरीकडं बघत नाही, नवऱ्याशी धड बोलत नाही, आणि व्हिन्सेंट तर तिला दिसतच नाही जणू. माझ्या वहिनी म्हणाल्या की अशी बाई आपल्याकडं असती तर चार दिवसांत सासरच्यांनी उठवून चुलीपुढं बसवली असती. मला पण बेथचा राग आला, आणि अजून आहे. पण खोटी नाही वाटली ती, एवढं कबूल.

श्रावणात कानबाईचं, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या सणाचं, सगळं आवरल्यावर परत हातात घेतलं आणि मग व्हिन्सेंटमुळं सुटलंच नाही. हा मोठा पोरगा पुस्तकाचा खरा हिरो आहे. भावाचा हात यानं सोडला, हे त्याला माहितीय आणि घरात कुणी ते तोंडानं म्हणत नाही. मोठा होता होता तो वाया गेल्यासारखा वागायला लागतो, आणि आईबाप म्हणतात याला झालंय काय. हरवलेल्या पोराचे फोटो भिंतीभिंतीवर आणि घरात असलेला पोरगा जेवला का ते कुणी विचारत नाही. त्याचे चॅप्टर मी दोनदा वाचले.

नऊ वर्षांनी कुटुंब शिकागोला राहायला आलेलं असतं, आणि एक पोरगा लॉनचं गवत कापायला दारात येतो. सॅम. तोच बेन, आणि राहायला अगदी जवळच्याच गल्लीत. हा योगायोग जरा जास्तच आहे, मान्य. आणि ज्या बाईनं त्याला नेलेलं असतं तिचं कारणसुद्धा घाईत उरकलंय, तिथं मला अजून चार पानं हवी होती. पण सॅमला वाढवलंय जॉर्जनं, त्या बाईच्या नवऱ्यानं, आणि त्याला यातलं काहीच माहीत नसतं. तो साधा, जीव लावणारा बाप. पोरगा 'आपल्या' घरी येतो तर त्याला तिथं सगळे परके, त्याला जॉर्जकडं जायचंय.

सासूबाई शिरपूरच्या, त्यांना मी रोज शेंगा फोडताना थोडी थोडी स्टोरी सांगायचे. इथपर्यंत आल्यावर मला वाटलं त्या म्हणतील, आई मिळाली ना, झालं. तर हात थांबवून म्हणाल्या, "मंग त्या दुसरा बापनं काय व्हयनं?" म्हणजे, मग त्या दुसऱ्या बापाचं काय झालं? नंतर दोन दिवस तोच विषय. पोराला कोर्टानं विचारावं की नको, जन्म दिलेली आई मोठी की घास भरवणारा बाप, आमचे सासरे पण मध्ये पडले आणि चहा गार झाला. लेखिका इथं कुणालाच व्हिलन करत नाही, मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट ती. बेथ शेवटी काय ठरवते ते नाही सांगत.

१९९९ चा सिनेमा पण आहे, मिशेल फायफर बेथ झालीय, काम छान केलंय पण मधली वर्षं भराभर गुंडाळलीत. आधी पुस्तक वाचा.

इंग्लिश अवघड नाही पण नातेवाईक खूप, इटालियन नावं डोक्यात बसायला वेळ लागतो, मी पहिल्या पानावर पेन्सिलनं कोण कुणाचं ते लिहून ठेवलं. ज्यांच्या घरात खरंच असं काही घडलंय त्यांना मी हे हातात देणार नाही. बाकी जुनी कॉपी घेणार असाल तर आधी अक्षर बघून घ्या, माझ्यातलं फारच बारीक आहे, रात्री डोळे दुखतात.