विश्वासाने नीतिमत्त्व: एका अभ्यासपुस्तिकेबद्दल

बायबलमधल्या, पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या 3 ते 8 अध्यायांवरची ही पुस्तिका घ्यावी ती चौथ्या अध्यायासाठी. अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व (देवापुढे नीतिमान ठरणं) म्हणून गणला गेला तो उत्पत्ती 15:6 मध्ये. सुंतेची आज्ञा येते थेट 17व्या अध्यायात. दोन्ही उतारे शेजारी-शेजारी छापल्यामुळे पौलाचा मुद्दा लगेच उलगडतो: हे नीतिमत्त्व कर्माची मजुरी नव्हे, कृपा आहे. फार सुंदर काम!

रोमकरांस 5:1 मधली शांती मात्र पुस्तिकेने मनःस्थितीला जोडून टाकली आहे. वाचक इथेच अडकतो. उदास वाटलं की आपला विश्वासच कमी पडला असं समजून तो स्वतःला पुन्हा तोलत बसतो. ती शांती देवाशी झालेल्या समेटाची आहे. भावना मागाहून येते, कधी बरीच उशिरा. नैराश्यासाठी डॉक्टरकडे जावं, हेही छापायला हवं होतं. माणूस केवळ विश्वासाने नव्हे तर कृतींनी नीतिमान ठरतो असं म्हणणारं याकोब 2:24 दोन ओळींत उरकलंय; त्यासोबत, कृपा म्हणजे पाप करत राहायची मोकळीक नव्हे असं सांगणारा रोमकरांसचा सहावा अध्याय वाचावा.