कोकणात कॅम्परव्हॅन: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

ऑक्टोबरात गाडी घेतली, आता आषाढ चालू आहे. फोर्स ट्रॅव्हलर या मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेली कॅम्परव्हॅन आहे. चौघांना झोपता येतं, मागे छोटा ओटा आणि फ्रीज, बाजूला कॅसेटवाला संडास, म्हणजे खालची मैल्याची टाकी बाहेर काढून रिकामी करायची. घर रत्नागिरीला, त्यामुळे गाडी जवळपास सगळी किनाऱ्यावरच फिरली. घेण्याआधी मी बरेच अनुभव वाचले होते. ते बहुतेक पुण्या-मुंबईकडच्यांचे होते आणि खाऱ्या हवेबद्दल त्यांत कुणी काही लिहिलं नव्हतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गाडीची खरी पारख फेब्रुवारीत झाली. आम्ही चार शाळासोबती शुक्रवारी दुपारी निघालो ते गोव्याच्या सीमेजवळच्या रेडीला. हातखंब्याहून लांजा, राजापूर, कणकवली, कुडाळ, मग वेंगुर्ला आणि शिरोडा, असं जेमतेम दोनशे किलोमीटर. महामार्गावर गाडी लोण्यासारखी चालते, डिझेलला नऊ-दहाचं ॲव्हरेज देते. वेंगुर्ल्याच्या पुढे मात्र दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती, आणि डोक्यावर आंब्या-काजूच्या फांद्या. छतावरच्या एसीसकट गाडीची उंची २.९ मीटर भरते. वाडीत शिरताना एकाने उतरून पुढे चालायचं, वायरी आणि फांद्या बघायच्या, हा आमचा नियमच झाला. कोकणात फिरणार असाल तर छतावरचा एसी घेऊच नका, असं मी आता ठामपणे सांगेन.

रेडी निवडलं ते आमच्यातल्या भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या मित्रामुळे. लोहखनिजाच्या खाणीचं आणि बंदराचं हे जुनं गाव. खाणीकडचा रस्ता, कडेची झाडं, सगळं लाल. इथला द्विभुज गणपतीही खाणीच्याच परिसरात सापडला. १९७६ साली खाणीवरच्या एका ट्रकचालकाला दृष्टांत झाला आणि खणल्यावर मूर्ती मिळाली, असं तिथे सांगतात. चार हातांऐवजी दोन हातांची ती भव्य मूर्ती पाहून आम्ही बराच वेळ नुसते बसून राहिलो. संध्याकाळी यशवंतगडावर गेलो. तटाच्या दगडांत वडाची मुळं शिरली आहेत. दक्षिणेला तेरेखोल. तिथला किल्ला पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये सावंतवाडीकरांकडून घेतला.

रात्री गाडी किनाऱ्यालगत लावत होतो, तर एक आजोबा काठी टेकत आले. "हयसर लावू नकात, भरतीक पाणी येता. आमच्या खळ्याच्या भायर लावा." खळं म्हणजे घरापुढचं अंगण. तिथेच दोन रात्री राहिलो. एवढं एक नक्की सांगतो, मुक्कामाची जागा आधी विचारून घ्या. महाराष्ट्राचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, पण मला आजवर रात्रीचा आसरा मिळाला तो कुणाच्या तरी खळ्याशेजारीच.

बॅटरी लिथियमची, १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-अवर, म्हणजे हिशेबाने अडीच युनिट. फ्रीज, दोन पंखे, दिवे आणि मोबाइल यांना ती दोन दिवस आरामात पुरली, शिवाय दिवसा छतावरच्या ४०० वॅटच्या पॅनेलनी भर घातली. एक टनाचा एसी मात्र दोन-अडीच तासांत तिला रिकामी करतो. मे महिन्यात त्यामुळे कुणाच्या तरी घरून वायर घ्यावी लागली, अर्थात युनिटांचे पैसे देऊन. आता पावसाळ्यात पॅनेलचा फारसा उपयोग नाही, इंजिनवरूनच चार्जिंग करतो.

पाण्याची टाकी ९० लिटरची. अंघोळी विहिरीवर केल्या म्हणून चौघांना पुरली. संडासाची कॅसेट आजोबांना विचारून त्यांच्या शौचालयात रिकामी केली. ती समुद्रात किंवा झाडीत ओतणं मला अजिबात मान्य नाही. स्वयंपाक म्हणाल, तर सकाळी उकड्या तांदळाची पेज आत झकास होते, पण बांगडे बाहेरच तळा. पहिल्यांदा आत तळले, तेव्हा आठवडाभर गाद्यांचा वास गेला नव्हता.

आता मुख्य गोष्ट. मित्राने रेडीत लालसर-काळा, हाताला जड लागणारा एक दगड उचलून दाखवला: हेमॅटाइट, म्हणजे लोह आणि ऑक्सिजन. शुद्ध असेल तर वजनाने सुमारे ७० टक्के लोखंड. भट्टीत त्यातला ऑक्सिजन काढून लोखंड मिळवतात. गंजाच्या रूपात लोखंड पुन्हा ऑक्सिजनला जाऊन मिळतं, आणि ओलावा नि मीठ असेल तर फार लवकर. रविवारी सकाळी गाडी समतल करायला खाली वाकलो, तर टाकीच्या पट्ट्यांचे बोल्ट त्याच दगडाच्या रंगाचे झाले होते. गाडी अवघी चार महिन्यांची होती! शिरोड्याला आजही मिठागरं आहेत, १९३० मध्ये तिथे मिठाचा सत्याग्रह झाला. ज्या वाऱ्यात मीठ पिकतं त्याच वाऱ्यात आपण गाडी उभी करतो, हे तोवर माझ्या नीट लक्षात आलं नव्हतं.

ज्यांनी गाडी बांधली त्यांनी खालच्या बाजूला गंजरोधक लेप दिल्याचं बिलात लिहिलं होतं. लिफ्टवर चढवून पाहिलं तर तो फक्त चाकांच्या कमानींपुरता होता. मला याचा मनापासून राग आला. लेप पुन्हा माझ्या खर्चाने करून घेतला, बाहेरचे बोल्ट खाऱ्या हवेत टिकणाऱ्या ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे बसवले. तेव्हापासून प्रत्येक फेरीनंतर खालून गोड्या पाण्याने धुतो, दारांच्या खालच्या कडांसकट. नवा गंज दिसलेला नाही.

जूनमध्ये मागच्या खिडकीच्या रबराखालून पाणी आलं आणि ओट्याखालचं प्लाय फुगलं. ते पाण्यात टिकणारं मरीन प्लाय नव्हतंच. गाद्यांना बुरशी धरली. आता गाडी उभी असली की गाद्या घरात आणि आतली सगळी कपाटं उघडी ठेवतो. घेणाऱ्यांनी उशांचे रंग नंतर निवडावेत. आधी गाडीखाली शिरून टॉर्चने बघा, प्लायची कड उघडून दाखवायला सांगा आणि खिडक्यांवर दहा मिनिटं पाइपने पाणी मारून घ्या.

एवढं होऊनही गाडी विकायचा विचार मनात आलेला नाही. रेडीत रविवारी पहाटे दार सरकवलं, खाडीवर धुकं होतं, आजी खळं झाडत होत्या आणि चौघे मित्र चहाचे पेले घेऊन पायरीवर बसलो होतो. गणपती झाले की पुन्हा तिकडेच जायचंय. आजोबांनी विहिरीपर्यंतची वाट रुंद करून ठेवतो म्हणून सांगितलंय.