मायग्रेनला काय प्यावं: कॅमोमाइल, आल्याचा काढा की सुंठ?

मायग्रेन म्हणजे काय, ट्रिगर कोणते वगैरे लिहीत बसत नाही, ज्याला आहे त्याला ते तोंडपाठ असतं. आमच्या घरी वर्षानुवर्षं याला 'पित्ताचं डोकं' म्हणायचे, उलटी झाली की उतरेल म्हणायचे आणि कधीकधी उतरायचंही, त्यामुळे डॉक्टरकडे जायला मला पस्तिशी उजाडली. आता गोळी आहे. पण साधी पेनकिलर महिन्यात 15 दिवस किंवा ट्रिप्टान (मायग्रेनवरची खास गोळी) 10 दिवस घ्यायची वेळ यायला लागली की मग गोळ्यांमुळेच डोकं उठायला लागतं, म्हणून हलक्या अटॅकला चहा-काढ्यावर भागतंय का ते बघायला सुरुवात केली. गेली दोनेक वर्षं हे चालू आहे. मोजमाप वगैरे काही नाही, फक्त कॅलेंडरवर पेनाने फुल्या.

पहिलं कॅमोमाइल. सगळ्यात सुटसुटीत, पिशवी टाका, पाच मिनिटं झाकून ठेवा, प्या. वास मंद, थोडा सफरचंदासारखा, मला आवडला. तीन महिने रोज झोपताना घेतला. झोप बरी लागायची असं मला वाटलं, आणि झोप बिघडली की डोकं उठतंच, म्हणजे हिशोब बरोबर होता. पण चाळिशीनंतर रात्री दहाला मगभर पाणी पोटात गेलं की तीनला उठावं लागतं हे त्या हिशोबात धरलं नव्हतं. संध्याकाळी सातला घ्यावा तर तेव्हा मी लोकलमध्ये लटकलेला असतो. तुमची झोप पक्की असेल तर रोजच्यासाठी हा वाईट नाही. शेवंतीच्या कुळातलं फूल आहे, त्यामुळे तसल्या फुलांची अ‍ॅलर्जी असेल तर जपून. पण ऐन अटॅकमध्ये, मळमळत असताना, त्याचा मला तरी काही उपयोग झाला नाही.

पुदिन्याचं दोन ओळींत आटपतो. आपल्या भाजीवाल्याकडची जुडी बहुतेक स्पिअरमिंट असते, त्यात तो थंडगार मेंथॉल जवळपास नसतोच, तो पेपरमिंटमध्ये. आणि पेपरमिंटने माझ्या छातीत जळजळ सुटली, एक दुखणं देऊन दुसरं घेतल्यासारखं.

मग आलं. मळमळीवर आलं चालतं हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको, आणि अटॅकमध्ये पोटाचं काम मंदावतं, घेतलेली गोळीसुद्धा लवकर लागू पडत नाही, त्यामुळे पोट जरा शांत होणं हीच मोठी गोष्ट. ताज्या आल्याचा काढा, बरोबर गवती चहाच्या दोन पाती, चवीला तर तिन्हीत पहिला नंबर याचाच, वाद नाही.

पण तो करायचा कोणी? गेल्या पावसाळ्यातली गोष्ट, घरी मी एकटा, दुपारी चारला उजव्या भुवईवर सणक सुरू झाली. किचनमध्ये गेलो, ट्यूबलाइट लावली, तिथेच अर्धा गार झालो. आलं धुतलं, खलबत्त्यात घातलं आणि पहिलाच ठोका, तो आल्यावर पडला का माझ्या डोळ्यामागे पडला कळेना. चार ठोक्यांत खाली बसलो ओट्याला टेकून. किसणी घेऊन पाहिली तर मान खाली घातली की कानशिलं उडायला लागली. मग कसाबसा गॅसवर ठेवला, उकळायला लागल्यावर गवती चहाचा वास घरभर, एरवी ज्या वासाने मी झोपेतून उठतो त्याच वासाने पोटात ढवळलं. काढा झाला, गाळला, आणि सिंकमध्ये ओतला. बायको आल्यावर म्हणाली, अहो पातेलं तरी विसळून ठेवायचं. तर मुद्दा असा की काढा वाईट नाही, करून द्यायला कोणी असेल तर उत्तम आहे, पण ज्याला अटॅक आलाय त्यानेच तो करायचा असेल तर अवघड आहे.

म्हणून सुंठ. पाव चमचा सुंठपूड, थर्मासमधलं गरम पाणी, ढवळलं की झालं. दिवा लावायला नको, आवाज नाही, वास कपाच्या बाहेर जात नाही. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक छोटी डबी असते माझी. मला अटॅकच्या आधी तासभर जांभया येतात, एकामागून एक, तेव्हाच घेतली तर पाचातल्या दोनतीन वेळा प्रकरण तिथेच थांबतं, डोकं जड राहतं पण गोळी लागत नाही. अटॅक पूर्ण चढल्यावर मात्र सुंठ काही करत नाही, तेव्हा सरळ गोळी आणि अंधारी खोली. खोटं कशाला सांगू, चव काही खास नाही, पूड विरघळत नाही, तळाला गाळ बसतो आणि शेवटचा घोट घशाला टोचतो. मी तो घोट सोडून देतो.

वाचनात आलेलं एक सांगतो: इराणमध्ये 100 रुग्णांवर एक चाचणी झाली होती, 2014 साली छापून आली, त्यात आल्याची पूड आणि सुमाट्रिप्टानची गोळी यांचा दोन तासांनंतरचा गुण साधारण सारखाच निघाला. एका चाचणीवर फार उड्या मारू नयेत हे मान्य, पण तिथे दिली होती ती पूडच, 250 मिलिग्रॅम, काढा नव्हे. उलट ब्राझीलमध्ये आलं रोज देऊन अटॅक टळतात का बघितलं तर नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा फरक पडला नाही. माझंही तसंच, रोज घेऊन फुल्या काही कमी झाल्या नाहीत, म्हणून रोज घेणं सोडलं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरला विचारा, आणि अचानक, आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं दुखलं तर हे काहीच करत बसू नका, थेट दवाखाना.

आणखी एक, हे सुरू करताना उत्साहात दुधाचा चहा एकदम बंद करू नका. मी केला होता. कॅफीन तुटल्याने दुसऱ्याच दिवशी जे डोकं उठलं, त्याचं खापर आठवडाभर बिचाऱ्या कॅमोमाइलवर फोडत होतो. आता सकाळचा एक कप ठरलेल्या वेळेला घेतो, गवती चहा घालून, चांगला उकळून.