कोरडवाहू पाच एकर: पऱ्हाटी किती, सोयाबीन किती?

अक्षय्य तृतीया झाली की विदर्भ-मराठवाड्यातल्या पारावर एकच विषय रंगतो: यंदा पऱ्हाटी, म्हणजे कापूस, किती आणि सोयाबीन किती? बहुतेक वेळा निर्णय गेल्या हंगामाच्या भावावर होतो, आणि नेमकं तिथेच फसायला होतं. २०२१-२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर विकला गेला. पुढच्या वर्षी लोकांनी तोच भाव पुन्हा येईल म्हणून घराघरांत कापूस भरून ठेवला, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर सात-आठ हजारांना काढला. सोयाबीननेही २०२१ च्या ऑगस्टमध्ये दहा हजारांचा आकडा दाखवला, पण तो शेतात पीक उभं असताना. माल घरात आला तेव्हा भाव जवळपास निम्म्यावर होता.

म्हणून हा आढावा भावापासून सुरू करत नाही. चार-पाच एकर कोरडवाहू असलेल्या घराने आधी तीन गोष्टी बघाव्यात: जमिनीची खोली, घरातले राबणारे हात आणि विहिरीत दिवाळीनंतर उरणारं पाणी. भाव त्यानंतर.

जमीन भारी, काळी, खोल असेल तर कापूस तिथे सोयाबीनपेक्षा जास्त सोसतो. ऑगस्टमध्ये पंधरा-वीस दिवसांचा खंड पडला, पाते (कळ्या) गळाले, तरी पुढच्या पावसावर झाड पुन्हा पाते धरतं. सोयाबीनला ही दुसरी संधी नाही. शंभर-एकशेदहा दिवसांचं पीक. शेंगा भरायच्या वेळी ओल तुटली की दाणा बारीक राहतो आणि मग कितीही पाऊस पडला तरी उपयोग नसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊस तर सोंगणीच्या वेळीच गाठतो. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं. उभ्या शेंगांना कोंब फुटलेले पाहणं किती जिवावर येतं हे ज्याचं शेत आहे त्यालाच ठाऊक. उलट मुरमाड रानात कापूस लावू नका. बोंडं भरायच्या वेळी, कार्तिकात, तिथली ओल संपलेली असते आणि झाड पहिल्या वेचणीतच थकतं.

आता हिशेब. आकडे नमुन्याचे आहेत, स्वतःच्या वहीतले घालून बघा. २०२५-२६ चा हमीभाव लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये, सोयाबीनला ५,३२८ आणि तुरीला ८,००० होता. एकरी ६ क्विंटल कापूस धरला तर ४८,६६० रुपये येतात. बियाण्याच्या दोन थैल्या (२०२५ मध्ये बीटी थैली ९०१ रुपयांना होती), खत, चार-पाच फवारण्या, निंदण, डवरणी आणि किलोला दहा रुपयांनी वेचणी धरून २५,००० खर्च झाला, तर हातात २३,६६० राहतात. सोयाबीनही ६ क्विंटल धरलं तर ३१,९६८ येतात आणि १७,००० खर्च वजा जाता १४,९६८ उरतात. इथवर कापूस सरळ पुढे दिसतो.

पण सोयाबीन दसऱ्याला रान मोकळं करतं. विहिरीत एक-दोन पाणी देण्याइतका साठा असेल तर त्याच रानात हरभरा येतो. २०२५-२६ च्या रब्बीतल्या पिकासाठी त्याचा हमीभाव ५,८७५ होता. एकरी ५ क्विंटल धरले तर २९,३७५. त्यातून १२,००० खर्च गेला की १७,३७५ उरतात. म्हणजे सोयाबीन-हरभरा मिळून एकरी ३२,३४३ आणि कापूस २३,६६०. थोडक्यात, ही तुलना कापूस आणि सोयाबीनची नसून कापूस आणि सोयाबीन-हरभऱ्याची आहे. पाणी नसेल तर कापूस, पाणी असेल तर दोन पिकं, इतका हा फरक मोठा आहे.

आता हाच हिशेब वाईट वर्षाचा मांडा, कारण कर्ज वाईट वर्षात होतं. कापूस ४ क्विंटल झाला, खर्च २३,००० झाला, तर उरतात ९,४४०. सोयाबीन ४ क्विंटल, खर्च १६,०००, तर उरतात ५,३१२, हरभरा नाही. दोन एकर कापूस आणि तीन एकर सोयाबीन असलेल्या घराकडे वर्षाला ३४,८१६ रुपये, म्हणजे महिन्याला २,९०० च्या आसपास. चांगल्या वर्षी, तिन्ही एकरांत हरभरा धरून, हेच घर १,४४,३४९ रुपयांवर, महिन्याला बारा हजारांवर जातं. आणि हे दोन्ही हिशेब हमीभावाचे आहेत. बाजारात सोयाबीन ४,२०० ला गेलं की चांगल्या वर्षाच्याही एकरी पंधरा हजारांतले जवळजवळ सात हजार जातात. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात २०१८-१९ साली देशातल्या शेतकरी कुटुंबाचं पिकांपासूनचं मासिक उत्पन्न सरासरी ३,७९८ रुपये निघालं होतं. त्यामागे अशीच वर्षं असतात.

यात एक खर्च मी धरलेला नाही: वेचणी सोडून घरच्या माणसांची मजुरी. सरकारी हमीभाव ज्या उत्पादन खर्चाच्या दीडपट धरला जातो त्यात ती मोजतात, पण स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याज मोजत नाहीत. स्वामिनाथन आयोगाने उत्पादन खर्चावर पन्नास टक्के मागितले होते, तो खर्च हे सगळं धरून असावा असं शेतकरी मानतात, आणि शेतकऱ्याचा आजही रास्त राग आहे तो या फरकावर. ठोक्याने (भाड्याने) जमीन करणाऱ्याने तर ठोक्याचा खर्च विसरूच नये. एकरी १२,००० ठोका असेल तर नुसत्या सोयाबीनच्या चांगल्या वर्षातही तीन हजार उरतात आणि वाईट वर्षात खिशातले जवळपास सात हजार जातात. ठोक्याच्या रानात सोयाबीन घ्यायचं तर हरभऱ्याच्या पाण्याची खात्री करूनच.

घरातल्या हातांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण हे कुठल्याच तक्त्यात येत नाही. कापूस म्हणजे दिवाळीपासून तीन-चार वेचण्या, आणि त्या बहुतेक बायकाच करतात. घरात दोन-तीन बाया वेचणीला असतील तर ६ क्विंटलचे सहा हजार रुपये घरातच राहतात, शिवाय दुसऱ्याच्या रानातली वेचणी मिळते. सोयाबीन मात्र हार्वेस्टर नाहीतर ठेका देऊन दोन-तीन दिवसांत निघतं. मजुरी देणाऱ्यासाठी ही सोय आहे, मजुरी घेणाऱ्या घरासाठी तेवढे दिवस गेले. म्हणून गावात सोयाबीन वाढलं की अल्पभूधारक घरातल्या बाईच्या हातात येणारा रोख पैसा कमी होतो. नवरा-बायको दोघंच, म्हातारे आईवडील आणि शाळेतली मुलं असं घर असेल, तर चार एकर कापूस वेचायला माणसं मिळवताना जीव मेटाकुटीला येतो. तिथे कापूस दीड-दोन एकरांच्या वर नेऊ नये.

फवारणीचाही विचार करा. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात कापूस उद्ध्वस्त केला आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या वर माणसं गेली. त्यांतले बरेच मजूर होते. आता कामगंध सापळे (गंधाने अळीचे नर पतंग पकडणारे) लावा, पऱ्हाटीची उंची डोक्यावर जाऊ देऊ नका आणि फरदडीचा (हंगामानंतरही झाड राखून पुन्हा बोंडं घेण्याचा) मोह सोडा. डिसेंबरअखेर रान मोकळं केलं तरच पुढच्या वर्षीची अळी आटोक्यात राहते. फरदडीची कमाई हिशेबात धरणारा अजूनही जुन्या कापसाचा हिशेब मांडतो आहे.

विक्रीत दोघांची तऱ्हा वेगळी. कापसाला सीसीआयचं (सरकारी भारतीय कापूस महामंडळाचं) खरेदी केंद्र जवळ असेल तर आधार आहे, पण ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की कपात आणि १२ च्या वर घेतच नाहीत. पहिल्या वेचणीचा दवाचा कापूस म्हणूनच खेडा खरेदीवाल्याकडे, म्हणजे गावात येऊन घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे, जातो. घरात साठवला तर वजन घटतं, खाज सुटते, आगीची धास्ती वेगळी. सोयाबीन वाळवून पोत्यात भरलं की शांत बसतं, आणि बाजार समिती शेतमाल तारण योजना चालवत असेल तर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजाने सहा महिने मिळतं. दिवाळीच्या गर्दीत माल फेकावा लागत नाही. ही योजना तुमच्या समितीत चालू आहे का, हे पेरणीआधी विचारून ठेवा.

बियाण्यात सोयाबीन मोकळं आहे. घरचं बी चालतं. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा, सत्तर उगवले तर पेरा. कापसाची थैली दर वर्षी विकतच घ्यावी लागते. विम्यात कापसाचा शेतकरी हिस्सा पाच टक्क्यांपर्यंत जातो, सोयाबीनचा दोन टक्के असतो, आणि एक रुपयाचा विमा २०२५ पासून बंद झाला आहे.

मला विचाराल तर पाच एकरांत सगळ्यात खोल दोन एकर कापसाला द्या, वेचणीला घरचे हात असतील तरच. उरलेल्या तीन एकरांत रुंद सरी-वरंब्यावर सोयाबीन घ्या. ज्या भागाला पाणी पोचतं तिथे ते सलग पेरा, म्हणजे मागून हरभरा येईल. जिथे पाणी पोचत नाही तिथे चार तास (ओळी) सोयाबीनचे आणि दोन तुरीचे. तूर त्या तासांत रान जानेवारीपर्यंत अडवते, म्हणून तुरीच्या रानात हरभरा मोजू नका. एकाच एकरात दोन्ही मोजून काढलेला हिशेब कृषी केंद्रात उधारी लिहिताना फार गोड वाटतो. पाणी अजिबात नसेल आणि घरात वेचणारे असतील तर कापूस तीन एकरांवर न्या, त्यातही दहा तासांमागे एक तास तुरीचा ठेवा. आणि मे महिन्यात, खत उचलायच्या आधी, विहिरीच्या कठड्यावर उभं राहून गेल्या वर्षी दिवाळीला पाणी कुठवर होतं ते घरातल्या सगळ्यांना विचारा.