डॉक्टर अव्वल, बिल काउंटर संथ
स्ट्रोकसाठी पुण्यातलं हे रुग्णालय डोळे झाकून सुचवेन. सासूबाईंचा उजवा हात उचलेना, बोलणं बरळल्यासारखं. पोचताच आधी सीटी स्कॅन, कारण मेंदूत रक्तस्राव असेल तर गुठळी विरघळवणारं औषध जिवावर बेततं. ते इंजेक्शन सहसा लक्षणं सुरू झाल्यापासून ४.५ तासांच्या आत देतात; आम्ही वेळेत होतो. पण मोठी रक्तवाहिनी तुंबलेली, म्हणून लगोलग थ्रॉम्बेक्टॉमी: जांघेतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन जाळीदार स्टेंटने गुठळी ओढून काढली. निवडक रुग्णांत हे २४ तासांपर्यंतही करतात, असं डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. आयसीयूतल्या सिस्टर तर सोनं! विम्याच्या कागदांसाठी मात्र काउंटरवर फार ताटकळवलं, कॅन्टीनचा चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. स्पीच थेरपीही इथेच चालू आहे. सकाळची वेळ घ्या, दुपारी पार्किंग मिळत नाही.