उबुंटू २४.०४ वरची एसएसएच सेवा: पोर्ट हलवून पाहिल्यावरचं मत

राळेगाव-वणी पट्ट्यातल्या काही जिनिंगा, कृषी केंद्रं आणि एक पतसंस्था, एवढ्यांच्या मशीन मी सांभाळतो. काट्याच्या पावत्या साठतात त्या सगळ्या लिनक्सवर, आणि मी बहुतेक वेळ गावात घरी बसलेला. म्हणजे एसएसएचवरच, दूरच्या मशीनमध्ये नेटवरून सुरक्षित शिरायच्या सोयीवरच, माझं पोट आहे, म्हणा ना.

दिवाळीनंतर काट्यासमोर कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली की शेठ त्या मशीनला बोटसुद्धा लावू देत नाहीत. म्हणून असली कामं पेरणीच्या दिवसांत. यंदा उबुंटू २४.०४ (लिनक्सचाच एक प्रकार) चढवलं आणि त्याच झपाट्यात एसएसएच २२ वरून दुसऱ्या पोर्टावर, म्हणजे मशीनच्या दुसऱ्या नंबराच्या दारावर, नेलं.

दिवाणजी म्हणाले, "चालू हाय तं बदलता कायले?" मी ऑथ लॉग (लॉगिनच्या प्रयत्नांची नोंद) उघडून समोर धरला. रूट, ॲडमिन, टेस्ट अशी नावं घेऊन कुठकुठले बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, पासवर्ड घालून पाहतात त्याच्या ओळीच ओळी. "हे कोन लोक होय? याईले कामधंदे नाहीत का?" पोर्ट हलवलं की हा कचरा बराच थांबतो. फायदा तेवढाच. ज्याला शोधायचंच आहे तो पोर्ट स्कॅन करून काढणारच. खरी राखण किल्लीची: एड२५५१९ प्रकारच्या किल्ल्यांची जोडी बनवा, तिनं लॉगिन होतंय हे पाहा, सेटिंगमध्ये पासवर्डऑथेंटिकेशन नो करा (म्हणजे पासवर्डनं शिरणं बंद), मग पोर्टाच्या नादी लागा. उलट्या क्रमानं करणारे भरपूर भेटतात.

तसा २२ हा आकडा काही शास्त्रात लिहिलेला नाही. १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू इलोनेन यांनी एसएसएच लिहिलं, तेव्हा फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचा २१ आणि जुन्या पद्धतीच्या दूर-लॉगिनचा, टेलनेटचा, २३ यांच्या मधला हा नंबर रिकामा होता. त्यांनी मागितला, मिळाला.

आता मुद्द्याचं. पूर्वी एसएसएचडी-कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलीत पोर्टची ओळ बदलायची, सेवा रीस्टार्ट करायची, झालं. २४.०४ मध्ये पोर्टावर कान लावून बसतो तो सेवा चालू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीचा एसएसएच डॉट सॉकेट. फाइल तो वाचतो, पण आधी सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड आणि मग एसएसएच डॉट सॉकेट रीस्टार्ट, हे दोन्ही केल्यावरच. नुसती जुनी सवयीची कमांड दिली की पोर्ट जिथल्या तिथे. जुन्या लेखांवर विसंबणाऱ्यांचा सगळा घोळ इथेच होतो, आणि यासाठी मी पाचपैकी एक तारा कापतो.

उरलेले चार मात्र मनापासून. सेवा रीस्टार्ट झाली तरी चालू असलेलं लॉगिन तुटत नाही. पन्नास किलोमीटर लांबच्या मशीनवर काम करणाऱ्यालाच याची किंमत कळते, राजेहो. शिवाय फाइलीत पोर्टच्या दोन ओळी चालतात. मी २२ तसाच ठेवून नवा जोडतो, यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये नवं पोर्ट आधीच उघडतो, सुडो एसएसएचडी -टी देऊन फाइल तपासतो, आणि पहिली खिडकी बंद न करता दुसरीतून नव्या पोर्टानं आत शिरतो. शिरलो की मगच २२ ची ओळ काढायची. एसएस -टीएलएन दिलं की कोणत्या पोर्टावर कान आहे ते दिसतंच.

नंबर कोणता घ्यावा? २२२२ बॉटांनाही पाठ आहे. ३२७६८ ते ६०९९९ हा पट्टा लिनक्स बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठी वापरतं, तिकडे जाऊ नका. १०२४ च्या खालचं पोर्ट उघडायला साधारणपणे रूटचा, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याचा, अधिकार लागतो, दुसरं साधं खातं तिथे बसू शकत नाही, म्हणून मी तिथलाच एखादा मोकळा नंबर धरतो. मशीन राउटरमागे असेल तर राउटरवरच बाहेरचा नंबर वेगळा आणि आत २२ असं जोडून द्या, लिनक्सला हातही लावावा लागत नाही.

पतसंस्थेत रॉकी लिनक्स आहे. तिथे सेवेचं नाव एसएसएचडी आणि एसईलिनक्स ही जादा सुरक्षेची चौकी चालू. सेमॅनेज या कमांडनं नवं पोर्ट एसएसएच-पोर्ट-टी या यादीत नोंदवल्याशिवाय सेवा उठतच नाही, परमिशन डिनाइड म्हणते. कडक आहे, पण निदान तोंडावर सांगते.

एक कुरबुर राहिलीच. एसएसएचला पोर्ट सांगताना छोटा पी, फाइली कॉपी करणाऱ्या एससीपीला मोठा पी. का, ते लिहिणाऱ्यांनाच ठाऊक. मी घरच्या लॅपटॉपवरच्या एसएसएच कॉन्फिगमध्ये प्रत्येक जिनिंगचं टोपणनाव आणि पोर्ट लिहून ठेवलंय, तेव्हापासून तो पी आठवायची गरज पडत नाही.

आणि फेलटूबॅन (चुकीचे पासवर्ड घालणाऱ्यांना अडवणारा प्रोग्राम) लावला असेल तर त्याच्या एसएसएचडी जेलमध्ये, म्हणजे एसएसएचच्या नियमांत, पोर्ट बदला. मूळ सेटिंगमध्ये तिथे एसएसएच असं नाव असतं, त्याचा अर्थ २२, आणि मग तो बॉटाला बंदी घालतो ती रिकाम्या पोर्टावर.