एएफ फाइन-ट्यून आणि लेन्स डॉक: वर्षभराचा अनुभव (काढघालीने जीव खाल्ला)

मागच्या लग्नसराईत पांढरकवड्याच्या बाजूला एक लग्न केलं. अल्बम पाहून नवरीचे काका म्हणाले, "भाऊ, झुमका त लय भारी आला, पन पोरीचे डोये कुठी गेले?" खोटं नव्हतं. एफ/१.४ ला, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी असताना, दीड मीटरवर जेमतेम दहा सेंटिमीटरचा पट्टा शार्प मिळतो, आणि माझी ३५ एमएम डोळ्यावर पॉइंट ठेवला तरी कानावर फोकस मारत होती. सरळसरळ बॅक फोकस, म्हणजे फोकस हव्या जागेच्या मागे पडणं.

लेन्स कॅमेऱ्याच्या कंपनीची नाही, बाहेरच्या कंपनीची आहे. नाव टाकत नाही, कारण नागपूरच्या सर्व्हिसवाल्यांशी झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही. आधी म्हणे "लेन्स ओके आहे, बॉडी (कॅमेरा) आणा." बॉडी नेली तर "दोन्ही ठेवून जा, महिना लागेल." भर सीझनमध्ये बॉडी ठेवून मी काय मोबाइलवर सप्तपदी काढू? पेट्रोल गेलं ते वेगळंच.

मग माझ्या निकॉन डी७२०० च्या सेटअप मेनूतलं एएफ फाइन-ट्यून उघडलं, म्हणजे ऑटोफोकस थोडा पुढे-मागे सरकवायची सोय. फुकटात आहे, त्यामुळे मत लगेच चांगलं झालं! डीएसएलआरमध्ये, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यात, फोकस मोजणारा सेन्सर आरशाखाली वेगळा असतो. त्याच्या आणि मुख्य सेन्सरच्या हिशेबात केसभर फरक पडला की फोकस घसरतो. लाइव्ह व्ह्यूत, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, मुख्य सेन्सरच फोकस करतो, म्हणून तीच लेन्स बरोबर चालते. आकडा उणे २० ते अधिक २०, उणे केला की फोकस आपल्याकडे सरकतो. अंगणात ट्रायपॉड, खुर्चीवर तिरका टेप, मधला एकच पॉइंट, लेन्स पूर्ण उघडी, दर शॉटआधी रिंग फिरवून फोकस घालवायचा. उणे ९ वर डोळे आले.

पण स्टेजवरचे चार-पाच मीटरचे उभे फोटो आता फ्रंट फोकस व्हायला लागले, फोकस माणसांच्या पुढे पडायला लागला. बॉडीतला आकडा सगळ्या अंतरांना एकच लागतो ना. म्हणून डॉक घेतला. सिग्माचा यूएसबी डॉक, टॅमरॉनचा टॅप-इन, त्याच जातीची वस्तू. लॅपटॉपला लावायचा, लेन्स त्यावर बसवायची, जवळच्या-लांबच्या चार अंतरांना वेगवेगळे आकडे द्यायचे. ते लेन्समध्येच साठतात, म्हणून बॉडीतलं फाइन-ट्यून बंद ठेवा, नाहीतर दोन्ही लागू होतात.

कल्पना झकास. पण डॉकवर असताना लेन्समधून काही दिसत नाही. आकडा बदला, लेन्स डॉकवरून काढा, बॉडीला लावा, फोटो काढा, मोठा करून बघा, परत काढा, परत डॉकवर. हे चारही अंतरांना. आमच्याकडे वेचणीच्या दिवसांत बाहेरच्या खोलीत छताला टेकेल एवढा कापूस पडलेला असतो. पंखा बंद करा, दार लावा, तंतू हवेत असतोच. एक तंतू सेन्सरवर जाऊन बसला. एफ/१.४ ला दिसला नाही, पण वऱ्हाडाचा ग्रुप फोटो एफ/८ ला काढला तर आभाळात शेवयासारखं वेटोळं! क्लीनिंगचे पैसे मोजताना डॉकचा जो राग आला तो अजून उतरलेला नाही. कॅमेऱ्यावर लेन्स असतानाच आकडे लिहायची सोय द्यायला काय जात होतं यांचं?

एवढं करून मंडपातल्या पिवळ्या हॅलोजनखाली फोकस पुन्हा किंचित हलला. उजेडाचा रंग बदलला की फोकस सेन्सरचं मापही थोडं बदलतं. मंडपवाल्याकडून एक हॅलोजन उसना आणला आणि त्याच्याच उजेडात आकडे पुन्हा बसवले. तेव्हापासून मात्र डॉकबद्दल वाईट बोलायला तोंड उरलं नाही. या सीझनच्या अल्बममध्ये नवरीच्या पापण्या मोजून घ्या.

किट लेन्सवाल्यांनी (कॅमेऱ्यासोबत मिळते ती) यात पडू नये, एफ/५.६ ला एवढा फरक झाकून जातो. डी३४००, डी५६०० वाल्यांच्या बॉडीत फाइन-ट्यूनच नाही, त्यांनी डॉक चालणारी लेन्सच बघावी. मिररलेसमध्ये, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यात, मुख्य सेन्सरच फोकस करतो, त्यामुळे ही भानगड जवळजवळ संपते. पण ती बॉडी यंदाच्या कापसाच्या भावात बसत नाही.

डॉक सध्या घाटंजीच्या मित्राकडे दिलाय. वापरून बघ म्हटलं, पैशाचं नंतर ठरवू.